नाल्याकडची तुळई

लोकांनी हौसेने लावलेला रंग काढणं हा माझा धंदा. नंदुरबार आणि आसपासच्या गावांत पन्नासेक वर्षं मी तेच केलं. दारं, खिडक्या, कपाटं, पाळणे, शाळेची बाकं, एकदा तर एका पुढाऱ्याची खुर्ची. या अंकाच्या संपादकांच्या घराचं दारही मीच खरवडलेलं आहे. तेव्हा चौकटीचा एक कोपरा माझ्या हातून जरा जास्तच गोल झाला. त्यांच्या ते अजून लक्षात आलेलं नाही. आता येईल.

मी चौथी शिकले. घरी आमची अहिराणी, आणि मराठी शाळेत चार वर्षांत जेवढी अंगाला लागली तेवढी. म्हणून जे आहे ते सरळ लिहिते.

आमचे मालक सुपडू रंगारी. ते रंग लावायचे, मी काढायची. लग्न करून आले त्याच्या पुढच्याच आठवड्यात त्यांनी माझ्या हातात फुटक्या काचेचा तुकडा दिला आणि म्हणाले, "हाई दार घस." त्यांना वाटलं, बायको दोन दिवसांत कंटाळेल. मला वाटलं, नवरा दोन दिवसांत दुसरं काम देईल. दोघंही चुकलो.

आमच्याकडे घरात लग्न निघालं की लाकडाला ऑइलपेंटचा एक हात बसतोच. जुना रंग काढायला वेळ कोणाला असतो? त्याच्यावरच नवा. त्यामुळे जुन्या दारावर रंगाची पाच-पाच, सहा-सहा सालं असतात. मी एकेक साल काढत गेले की त्या घरातली लग्नं उलटी बाहेर येतात. आधी नातवाचं चॉकलेटी, मग धाकट्या मुलाचं आकाशी, मग मुलीचं हिरवं. मला गावातल्या लग्नांची सालं आठवत नाहीत, रंग आठवतात.

रंग काढायचे तीन मार्ग. एक, कोरडं खरवडणं. पोलादी पत्र्याने किंवा काचेच्या धारेने. यात लाकूड वाचतं आणि माणूस मरतं. दुसरा, रॉकेलच्या बत्तीची ज्योत फिरवून रंग फुगवायचा आणि पत्र्याने उचलायचा. यात हात जरा रेंगाळला की लाकूड जळतं. तिसरा, कॉस्टिक सोडा आणि चुन्याची पेस्ट फासून वर ओली पोती टाकायची. सकाळी लावलं की दुपारी रंगाची साय निघते. हाताची कातडीपण निघते. माझ्या बोटांचे ठसे आधारकार्डवाल्यांना सातदा घेऊनही मिळाले नाहीत. आता दुकानात तयार रिमूव्हर मिळतो. त्याच्या वासाने डोकं चढतं, बाकी काही वेगळं होत नाही.

सोड्याची एक खोड आहे. सागाला तो लागला की साग काळा पडतो. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. खापर गावच्या एका मास्तरांचं सागाचं कपाट मी सोड्याने धुतलं आणि घासून घासून डांबरासारखं केलं. मास्तर बघतच राहिले. मी ऐटीत म्हटलं, "असंच असतं आधी. वाळलं की उजळतं." वाळलं, आणि आणखी काळं झालं. मास्तरांची आई आतून चिंचेचं पाणी घेऊन आली आणि म्हणाली, "तांब्याना हंडा उजळस ना यानी? मंग हाई बी उजळी." आणि उजळलं! त्यानंतर तीस वर्षं मी लोकांना सांगत आले की चिंचेची युक्ती माझी.

या धंद्यात दुसरी एक गोष्ट कळते, ती म्हणजे लाकूड. आमच्या तापीकाठच्या गावांत ज्याला विचाराल त्याचं दार सागाचं असतं. आजोबांनी नवापूरच्या डोंगरातून बैलगाडीने आणलेलं असतं. मी रंग काढला की खालून आंबा निघतो, कडुनिंब निघतो. एका घरी तर खोक्याच्या फळ्या निघाल्या, वर सफरचंदाचं चित्रसुद्धा होतं. घरमालक माझ्यावरच धावून आला. "मन्हा दरवाजा सागना व्हता! तू रंग काढा का लाकूड बदली टाकं?"

तेव्हापासून मला घमेंड चढली. रंगाच्या वरूनच टिचकी मारून सांगायची, हे साग, हे आंबा, हे बाभूळ. बहुतेक वेळा बरोबर यायचं. चूक आलं की मी म्हणायची, लाकूड ओलं आहे.

ही घमेंड उतरली ती गेल्या हिवाळ्यात, कोरीटला.

कोरीटच्या शिवारात नानांचा मळा आहे. नाना पंच्याऐंशीच्या घरातले, आमच्या मालकांचे जुने गिऱ्हाईक. मळ्यातल्या घराच्या मागे नाला वाहतो आणि त्या नाल्याच्या काठावर नानांनी तरुणपणी एक लाकडी ओटा बांधून घेतला होता. कापसाच्या जुन्या जिनिंगच्या शेडचं लाकूड लिलावात मिळालं होतं, ते वापरून. अर्धा ओटा जमिनीवर, अर्धा नाल्यावर पुढे आलेला, खाली दगडी खांब. पुढच्या कडेला एक लांब तुळई, तिच्यावर सगळ्या फळ्यांची टोकं टेकलेली. खाली दीड पुरुष खोल खडक. आम्ही त्याला फळ्यांचा ओटा म्हणायचो. नानांची नातसून कल्याणी त्याला डेक म्हणते.

कल्याणी धुळ्याची, शिकलेली. नवरा सुरतला नोकरीला. मळ्यावर शहरातल्या लोकांसाठी भरीत पार्टी करायची असं तिच्या मनात होतं. पऱ्हाट्यांवर, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांवर भाजलेली वांगी, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, आणि बसायला नाल्यावरचा डेक. नानांना हे बिलकूल पसंत नव्हतं. "परका लोक आठे यीसन जेवतीन आनि आपन ताट उचलशूत?" महिनाभर बोलाचाली झाल्यावर त्यांनी एक रविवार दिला. "एक आयतवार. काही गडबड व्हयनी तं कायमनं बंद." कल्याणीने नंदुरबारच्या एका महिला मंडळाची चाळीस माणसं ठरवली आणि मला फोन केला. ओट्यावरचा चॉकलेटी रंग जागोजागी पोपडे धरून सुटला होता. तिला तो सगळा काढून खालचं लाकूड तेल लावून मोकळं ठेवायचं होतं.

मी दोन वर्षांपूर्वीच काम सोडलं होतं. गुडघे वाजतात. पण ती म्हणाली, "मावशी, इथे सगळे म्हणतात की तुम्हीच." एवढ्यावर मी पिशवी भरली. माझी किंमत एवढीच आहे.

तेरा दिवस हातात होते. पहिल्याच दिवशी मी नानांसमोर फळीवर टिचकी मारली.

"इंदूबाई, खाले साग शे ना?" नानांनी विचारलं.

"अस्सल शे, नाना. मी सांगस ना. आजून शंभर वरीस काही व्हत नही."

कल्याणीने ते लगेच फोनमध्ये लिहिलं आणि मंडळाच्या बायकांना पाठवलंसुद्धा: शंभर वर्षं टिकणारा सागाचा डेक.

जमिनीवरच्या फळीचा रंग काढणं दारापेक्षा अवघड. दार उभं असतं, त्यामुळे पेस्ट खाली ओघळते आणि तिच्याबरोबर रंगही. फळी आडवी. पेस्ट फटींत जाते, रंग फटींत बसतो, आणि वर पन्नास वर्षं माणसांनी पायाने दाबून दाबून बसवलेला. खिळ्यांची डोकी आधी आत ठोकून घ्यावी लागतात, नाहीतर पत्र्याची धार जाते. तारेचा ब्रश ओल्या सागावर चालवायचा नाही, काळे ठिपके उठतात. मी पाटावर बसते, एक फळी संपली की पाट सरकवते. बसल्याबसल्या पुढे सरकणारी म्हातारी पाहून मळ्यातली कुत्री आधी माझ्यावर भुंकली, मग त्यांनाही माझी कीव आली.

मी नाल्याच्या बाजूने सुरुवात केली, कारण तिकडे सकाळी ऊन असतं. पुढच्या तुळईच्या दर्शनी अंगावर पेस्ट फासली; साग काळा पडला तर चिंच होतीच. दुपारी पोती उचलली. चॉकलेटी गेला, आकाशी गेला, हिरवा गेला. त्याखाली लाल अस्तर. तेही गेलं. आता लाकूड यायला हवं होतं.

लाकूड आलं नाही. तपकिरी, पिठासारखं काहीतरी पत्र्यावर आलं. हाताने दाबलं तर दबलं. मी वास घेतला. चिंचोका.

बाजारची लांबी खडूच्या भुकटीची आणि जवसाच्या तेलाची असते. लांबी म्हणजे लाकडातली भोकं बुजवायचा लगदा. आमच्याकडे कधी तेल कमी पडलं तर मी चिंचोक्याची खळ शिजवून त्यात लाकडाचा भुसा कालवायची. तसं करणारी नंदुरबारात मी एकटीच. मालक सगळ्यांना सांगायचे, "मन्ही बायको लाकूड रांधस."

मग सगळं आठवलं. नानांच्या मुलीचं, शोभाचं लग्न होतं, बावीस वर्षांपूर्वी. चार दिवसांवर. नाना पाहुण्यांच्या गर्दीत अडकलेले. आम्ही हिरवा रंग द्यायला आलो आणि तुळई हाताला भुसभुशीत लागली. पाणी साचून साचून आतून गेली होती. मालक म्हणाले, "आते सुतार कोठे भेटी? भरी दे. दिवाळी झाली का नानाले सांगी दिसूत." मी दोन पातेली भरून चिंचोका शिजवला आणि ती पोकळी बुजवली. वरून अस्तर, वरून हिरवा. इतकं सफाईदार काम झालं की मालकांनी मला शाबासकी दिली. दिवाळी झाली. पुढची पण झाली. मालकांनी नानांना सांगितलं नाही, मी त्यांना आठवण केली नाही, आणि मग मी विसरलेसुद्धा. मालक गेले त्यालाही आता नऊ वर्षं झाली.

म्हणजे बावीस वर्षं ती तुळई रंगाच्या सालांनी धरून ठेवली होती. आणि ती सालं मी त्या दिवशी सकाळपासून काढत होते.

यापुढचं लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण लिहिते. मी स्वयंपाकघरात गेले आणि कल्याणीला म्हटलं, "घरात चिंचोके आहेत का गं?"

"आहेत की. कशाला?"

"थोडी लांबी भरायची आहे."

"किती लागतील?"

"असतील तेवढे दे."

ती हात पुसत माझ्यामागून बाहेर आली. मला नको होतं, पण आली. तिने तुळईपाशी वाकून बोट लावलं. बोट आत गेलं. मग तिने पूर्ण हात लावला आणि मूठभर लगदा बाहेर आला.

"मावशी, हे चाळीस माणसांना धरेल?"

"बावीस वर्षं धरलंय."

"मी विचारलं, धरेल का?"

मी पन्नास वर्षं लोकांची लाकडं उघडी पाडली, पण इतका सरळ प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी म्हटलं, "नाही धरणार."

"मग चिंचोके कशाला मागत होतात?"

मी ओलं पोतं पुन्हा तुळईवर टाकलं.

ती रडली वगैरे नाही. ओसरीच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "नाना म्हणतील, झाली ना गडबड. बंद." मग उठून तिने दानियलला फोन लावला. दानियल नवापूरकडचा सुतार, बोलायला गोड. मी म्हटलं, "नानांना आज सांगू नको. सुतार बघू दे आधी." ती म्हणाली, "मी नाहीच सांगणार. तुम्ही सांगायचं."

दुसऱ्या दिवशी दानियल आला. त्याने तुळईत पेचकस घातला. तो मुठीपर्यंत गेला. त्याने दुसरीकडे घातला. तिथेही गेला.

"आजी," तो म्हणाला, "ही तुळई नाही, हा खरवस आहे."

नाना काठी टेकत मागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी विचारलं, "काय व्हयनं?"

कल्याणी माझ्याकडे बघत राहिली. दानियल पेचकस पुसत राहिला. मी पाटावर बसूनच सांगितलं. उठले असते तर गुडघे वाजले असते.

"कोणी भरी ही?"

"मी भरी, नाना. त्यासनी सांगं, मी भरी. दिवाळीले तुमले सांगनार व्हतूत."

नाना तुळईकडे बघत होते. काठीचं टोक तिच्यावर टेकवत म्हणाले, "मन्ही शोभाना लगनमा वऱ्हाड आठेच बठेल व्हतं."

ते एवढंच बोलले आणि आत गेले. शिव्या दिल्या असत्या तर मी दोन उलट दिल्या असत्या आणि हिशोब मिटला असता. तशी सोय त्यांनी मला दिली नाही. तो अख्खा दिवस मी काहीच खरवडलं नाही. दानियलने बाकीच्या फळ्या, खांब, मागच्या तुळया तपासल्या. पुढची तुळई आणि सहा फळ्यांची टोकं एवढंच गेलेलं होतं. पण नवी तुळई मिळवून, तासून बसवायला पंधरा दिवस लागणार होते, आणि रविवार बारा दिवसांवर होता.

संध्याकाळी नाना बाहेर आले. कल्याणीला वाटलं, आता बंद म्हणतील. मलाही तसंच वाटलं. ते म्हणाले, "बोलायेल मानसं परत धाडाना नहीत. खळामा बठाडा त्यासले." मग काठीने माझ्याकडे दाखवलं. "आनि ओटाले दोरी बांधा. जो इचारी, ओटा कसाले बंद शे, त्याले हाई इंदूबाई सांगी. बठ्ठासले, एकेकले. तिनी भरी, तीच सांगी."

रविवारी चाळीस माणसं आली. खळ्यात सतरंज्या, पऱ्हाट्यांचा जाळ, वांगी फुटून वास सुटलेला. आणि ओट्याजवळ दोरीपाशी मी, पाटावर. चॉकलेटी, आकाशी, हिरवे, लाल असे पट्टे आणि त्यात तुळईच्या जागी भगदाड, हे बघितल्याशिवाय कोणी पुढे जाईना. फोटो काढायचे आणि विचारायचे, "आजी, हे काय झालं?"

पहिल्या चौघींना मी सांगितलं, आमच्या मालकांनी असं करायला लावलं. मालक उलट बोलायला नव्हतेच. पाचवीला सांगताना कल्याणी भाकऱ्यांची टोपली घेऊन शेजारून गेली. मी पाचवीला सांगितलं, "मी भरलं. मीच शिजवून भरलं." सहावीलाही तेच. दहावीपर्यंत मला लाज वाटली. विसाव्या बाईपर्यंत मी खळ किती वेळ शिजवायची तेही सांगू लागले होते. एकीने लिहूनसुद्धा घेतलं. माझ्यात लाज टिकत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

जेवणं चालली असताना शोभा आली, निझरहून, तिच्या सासरहून. नानांनी बोलावून घेतलं होतं, मला न सांगता. आता चांगली पंचेचाळिशीची बाई झाली आहे. दोरीपाशी उभी राहून तिने विचारलं, "काय व्हयनं वं मावशी आठे?"

चाळीस जणांना सांगून झालं होतं. ही एक्केचाळिसावी. मी पाट उगाच मागे सरकवला. नाना खळ्यातून बघत होते. शेवटी मी म्हटलं, "शोभा, तुन्हा लगनना टाइमले हाई तुळई सडेल व्हती. माले माहीत व्हतं. मी लांबी भरी आनि वरतून रंग दिना. तुन्हं वऱ्हाड वर बठं. मी कोणले काही सांगं नही."

ती भगदाडात वाकून खालच्या खडकांकडे बघत राहिली. मग सरळ झाली आणि कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "मन्हा सासरा बराबर याच जागावर बठेल व्हता ना! पडता तं मन्हा बावीस वरीसना तरास वाचता."

बायका खो-खो हसल्या. नानांच्या खांद्यांना हादरे बसताना मी पाहिले. मीसुद्धा हसले, पण माझं हसू मधेच बंद पडलं, कारण त्याच जागेजवळ त्या दिवशी वऱ्हाडातली लहान मुलंही तुळईला लोंबकळत होती. ते मला तिथे बसल्यावर आठवलं. शोभाला मी ते सांगितलं नाही. इथे लिहिते आहे.

पार्टी चांगली झाली. मंडळाच्या बायकांनी पुढच्या महिन्यासाठी आणखी तीस माणसं सांगितली. नाना "बंद" म्हणाले नाहीत आणि "चालू" पण म्हणाले नाहीत. कल्याणीने ते चालू असं धरलं. दानियलने नवी तुळई बसवली. आणि मी उरलेला ओटा खरवडायला पुन्हा जाऊन बसले. नानांनी बोलावलं नव्हतं, नको असंही म्हटलं नव्हतं.

आता मी टिचक्या मारत नव्हते. प्रत्येक फळी मोकळी झाली की दानियलचा पेचकस घेऊन तीन ठिकाणी टोचायची, मग नानांना हाक मारायची. नाना काठी टेकत यायचे, माझ्या हातातून पेचकस घ्यायचे आणि स्वतः तीन ठिकाणी टोचायचे. मी टोचलेल्या जागा सोडून. मग पेचकस परत द्यायचे. अशा बारा फळ्या झाल्या.

तेराव्या फळीला मी हाक मारली. नाना ओसरीवर बशीत चहा ओतत होते. त्यांनी मानही वर केली नाही.

"तूच टोच ना. माले चहा पिऊ दे."

मी ती फळी सहा ठिकाणी टोचली.